अकरा मेसेजची पोच

१२ सप्टेंबर २००५, सोमवार

आज नवी वही उघडली. वत्सला म्हणाली, "जुनीत पाने शिल्लक आहेत की." आहेत. पण त्या वहीत कारखाना बंद पडला ते दिवस आहेत, त्यांच्या शेजारी लिहावेसे वाटत नाही.

ऑफिसात नवे काम आले आहे आणि ते मला एकट्याला दिले आहे. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसचा मालक किशोर एकतीस वर्षांचा. मी एकोणपन्नास. तो मला काका म्हणतो, मी त्याला सर म्हणतो, आणि दोघेही तेवढ्यापुरते दुसरीकडे बघतो. काम एका रक्तपेढीचे आहे. दुर्मिळ गटाचे रक्त लागले की त्या गटाच्या सगळ्या दात्यांना एक कळ दाबताच मोबाइलवर मेसेज जायला हवा. संगणकाला एक मोडेम जोडायचा, त्यात सिमकार्ड, बाकी माझा प्रोग्राम.

पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकलेल्या माणसाने प्रोग्राम लिहावेत याचे लोकांना नवल वाटते. मला वाटत नाही. सातपूरच्या कारखान्यात शेवटची नऊ वर्षे मी संगणकावर चालणारा लेथ चालवला. त्याचा प्रोग्राम मीच लिहायचो. एक ओळ म्हणजे एक काम. हत्यार पुढे जाते, कापते, मागे येते, आणि मगच यंत्र पुढची ओळ वाचते. इथेही तेच, फक्त लोखंडाचा कीस उडत नाही.

सकाळी देवीच्या तसबिरीपुढे दिवा लावताना म्हटले, आई, या कामाने कोणाचे तरी भले होऊ दे. एवढेच.

२० सप्टेंबर, मंगळवार

रक्तपेढीत गेलो. तिथल्या तंत्रज्ञ तृप्तीताई, वय तिशीच्या आत, बोलायला चटपटीत. तिने सगळ्यात दुर्मिळ गटाची यादी दाखवली. बॉम्बे ग्रुप म्हणतात त्याला. दहा हजारांत एखादा माणूस. या माणसांना दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही, ओ गटाचेसुद्धा नाही. अख्ख्या नाशिकच्या आसपास तिच्याकडे अकरा नावे.

"काका, स्क्रीनवर मला काय दिसेल?"

"किती मेसेज पाठवले तो आकडा."

"पाठवले म्हणजे पोचले ना?"

"पेटीत टाकलेले पत्र पोचतेच की."

"हे आमच्या सिन्नरच्या पोस्टमनला सांगा एकदा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघेही हसलो.

२५ सप्टेंबर, रविवार

इब्राहिम घरी आला होता. कारखान्यात बारा वर्षे आमची यंत्रे शेजारी शेजारी. आता तो अंबडला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा जुना लेथ चालवतो.

"काय भोये, लोखंड सोडून आता हवेत मेसेज कापतोस म्हणे?"

"तुला कोणी सांगितले?"

"वहिनींनी. रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, घरी असले तरी घरी नसतात."

वत्सला आतून म्हणाली, "खोटे काय बोलले मी?"

चहा झाल्यावर तो मुद्द्यावर आला. त्याची सितारा बाळंतपणाला माहेरी आली आहे. पहिलेच. डॉक्टर म्हणतात बाळाची वार खाली आहे, रक्तस्राव होऊ शकतो. आणि रक्त तपासले तर बॉम्बे ग्रुप. त्याच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले आणि मी कप खाली ठेवला. मी म्हणालो, "इब्राहिम, ज्या यादीत असे लोक आहेत ना, तिचेच काम माझ्याकडे आहे." तो म्हणाला, "अल्लाने माणूस बरोबर जागी ठेवला."

तारीख वीस नोव्हेंबरच्या आसपासची आहे. तृप्तीताई दहा तारखेला दात्यांना बोलावून दोन पिशव्या आधीच काढून ठेवणार. घाईची वेळ आलीच तर माझा प्रोग्राम आहे.

तो कप धरताना मला नेहमी त्याच्या उजव्या हाताकडे बघवत नाही. मधली दोन बोटे नाहीत. शहाण्णवची थंडी. लेथच्या चकने, म्हणजे फिरत्या पकडीने, जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट आवळला की एक छोटा स्विच यंत्राला तसे कळवायचा, आणि मगच चक फिरायला लागायचा. तो स्विच बिघडला. नवा येईपर्यंत सुपरवायझरने त्याच्या जागी पाच सेकंदांचा थांबा टाकून दिला. लेथवाले त्याला ड्वेल म्हणतात. पाच सेकंदांत चक आवळतोच, असा हिशेब. पावसाळाभर चालले. जानेवारीतल्या एका सकाळी तेल गारठले होते, चकला थोडा जास्त वेळ लागला असणार. पाच सेकंद संपले आणि इब्राहिमचा हात जॉबवर असतानाच न आवळलेला जॉब घेऊन चक फिरला. बोटे मीच रुमालात बांधली होती.

इब्राहिम त्यावर कधी बोलत नाही. फक्त शेडमध्ये त्याच्या यंत्रावर कोणी हात मारला की ओरडतो, "पहले देख, पकड़ा क्या!"

४ ऑक्टोबर, मंगळवार

घटस्थापना. वत्सलाने घट बसवले. मी आरतीपुरता थांबलो आणि ऑफिसला गेलो, कारण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

पाच मोबाइलवर चाचणी घेतली. स्क्रीनवर आले, पाच पाठवले. प्रत्यक्षात दोनच मोबाइल वाजले. पुन्हा केले, तीन वाजले. बाकीचे गेले कुठे?

किशोरने समजावले. "काका, हे लेथसारखे नाही. तुमचा प्रोग्राम म्हणजे एक धागा धरा. थ्रेड. तो मेसेज मोडेमच्या हवाली करतो आणि लगेच पुढच्या ओळीवर जातो. मेसेज खरोखर जातो तो मागे, दुसऱ्या धाग्यावर, सवडीने. तुमचा पहिला धागा शेवटच्या ओळीला पोचला की प्रोग्राम बंद. तो बंद झाला की मोडेमही बंद, आणि रांगेत उभे असलेले मेसेज पुसले गेले."

"म्हणजे पुढची ओळ सुरू होते तेव्हा मागची संपलेली नसते?"

"नसते."

हे मला पचायला संध्याकाळ झाली. ओळ वाचली पण काम झाले नाही, ही कसली ओळ?

उपाय त्यानेच सांगितला. पहिल्या धाग्याला मध्ये उभे करायचे. नेटवर्ककडून प्रत्येक मेसेजची पोच येते. अकरावी पोच आली की मागच्या धाग्याने त्याला उठवायचे, तोवर त्याने जागचे हलायचे नाही. कसे लिहायचे ते इंग्रजी पानांवर आहे. ती पाने छापून घरी आणली आहेत.

१० ऑक्टोबर, सोमवार

पाने तीनदा वाचली. इंग्रजी शब्द कळतात, वाक्य कळत नाही. मी लिहिले तर धागा असा उभा राहिला की हलेचना. पोच आल्या तरी स्क्रीनवरची खिडकी गोठलेली. किशोर दुसऱ्या कामात बुडालेला, त्याला कितीदा विचारू? दसऱ्याला प्रोग्राम रक्तपेढीत बसवायचा आहे.

१२ ऑक्टोबर, बुधवार, दसरा

बसवला. शेवटी एक साधी युक्ती सुचली. सगळे मेसेज हवाली केल्यावर प्रोग्रामला तीस सेकंद थांबवून ठेवले. अकरा मेसेज जायला वीस सेकंद लागतात, चार वेळा मोजले. दहा सेकंद वरची. भरपूर झाले. चाचणीला अकराही मोबाइल वाजले आणि तृप्तीताईने टाळ्या वाजवल्या. पोचेचे शास्त्रशुद्ध काम दिवाळीनंतर सावकाश करीन. किशोरला म्हणालो, झाले. तो म्हणाला, "उठवण्याचे जमले का?" मी म्हणालो, "थांबवण्याचे जमले." त्याने अंगठा दाखवला.

संगणकाला झेंडूचे फूल वाहिले. इब्राहिमला फोन केला, आता काळजी नको. त्याचा रोजा सुटायची वेळ होती. तोंडात खजूर असताना त्याने दुवा दिला.

२४ ऑक्टोबर, सोमवार

वत्सलाने विचारले, "ते तीस सेकंदच का?" मी काल तिला सहज सांगितले होते. म्हणालो, पुरतात म्हणून. ती म्हणाली, "दूध उतू जायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून ठरवते का कोणी? समोर उभे राहायचे असते." बायकांना सगळे स्वयंपाकघरातले सुचते.

१ नोव्हेंबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

सितारा जिवंत आहे. तिची मुलगी जिवंत आहे. आज याहून जास्त लिहवत नाही.

घरी पूजा झाली नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

क्रमाने लिहितो. नाही तर मी पुढे स्वतःलाच काही वेगळे सांगायला लागेन.

काल सकाळी सात वाजता सिताराला रक्तस्राव सुरू झाला. तारखेच्या तीन आठवडे आधी. साठवलेली पिशवी एकही नाही, कारण दात्यांना बोलवायची दहा तारीख अजून यायची होती. इब्राहिमने तिला दवाखान्यात नेले. दवाखान्यातून रक्तपेढीला फोन गेला. तृप्तीताईने सात चाळीसला कळ दाबली. स्क्रीनवर आले, अकरा पाठवले. ती निर्धास्त झाली. तिने पलंगावर चादर घातली, सुया काढल्या आणि दाराकडे बघत बसली.

नऊ वाजता तिचा मला फोन. "काका, कोणीच आले नाही हो."

मी तोरण बांधत होतो. म्हणालो, "सणाचा दिवस आहे, आवरून निघतील. आकडा अकराच आहे ना?"

"अकराच."

"मग येतील."

हे मी म्हणालो. हातात झेंडू होता.

साडेनऊला पुन्हा फोन आला आणि आता तिचा आवाज बदलला होता. मी स्कूटर काढली. पोचताच मोडेमची नोंद उघडली. हवाली अकरा. पोच दोन.

दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात. सारे शहर एकमेकांना शुभेच्छा पाठवत होते. रोज दोन सेकंदांत जाणारा मेसेज काल पंधरा सेकंद घेत होता. तीस सेकंदांत दोन गेले, मग माझा थांबा संपला, प्रोग्राम बंद झाला आणि उरलेले नऊ पुसले गेले. गेलेले दोन एक सुरतेला मुलाकडे असलेल्या माणसाला आणि एक घरीच विसरलेल्या मोबाइलला.

तृप्तीताई म्हणाली, "पण काका, अकरा लिहून आलेय."

पुन्हा कळ दाबली. या वेळी पोच तीन, यादी पुन्हा पहिल्यापासून, म्हणून दोन तेच आणि तिसरा दाता परगावी. प्रोग्रामची मूळ प्रत ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली किशोरकडे आणि किशोर गावाला. मग दोघांनी दोन फोन घेतले. प्रत्येक वेळी तीच बाई, या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. यादीत एक पत्ता पक्का होता. गेणू, हमाल, लासलगाव, बाजार समितीच्या मागे. मी तृप्तीताईला म्हणालो, तुम्ही लावत राहा, मी आणतो. साठ किलोमीटर.

चांदोरी ओलांडेपर्यंत मी देवीचे नाव घेत होतो. निफाडच्या पुढे ते नावही तोंडात येईना. नुसता आकडा यायचा, तीस, तीस, तीस.

गेणू ओट्यावर बसून दाढी करत होता. त्याची बायको रांगोळी काढत होती. मी काय म्हणालो आठवत नाही. त्याने अर्ध्या गालाचा साबण पुसला आणि शर्ट चढवला.

"मेसेज नाय आला बॉ," तो म्हणाला. "आला आस्ता तर कव्हाच निघालो आस्तो. मोबाइल हे काय, खिशातच हाय."

बायको म्हणाली, "दाढी तरी पुरी करा."

"रगत दाढीतून काढीत नाय गं."

वाटेत एका वळणावर स्कूटर घसरता घसरता वाचली. मागून तो ओरडला, "काका, हळू! माझं रगत हितंच सांडलं तर पोरीला काय द्याचं?" तो हसत होता. मला रडू फुटले आणि वाऱ्यात ते कोणाला दिसले नाही.

सव्वा वाजता पोचलो. तिथे नाशिक रोडच्या मीनाताई आधीच रक्त देत पडल्या होत्या. शाळेत शिकवतात. तृप्तीताईचा फोन त्यांना पाऊण वाजता लागला होता. रिक्षाने वीस मिनिटांचे अंतर. त्या मला म्हणाल्या, "मी सकाळपासून करंज्या तळत होते. फोन ओट्यावर, माझ्या हाताशी. छत्तीस मेसेज आले शुभेच्छांचे. तुमचा नाही आला."

दोन पिशव्या तपासून दवाखान्यात पोचल्या तेव्हा अडीच वाजले होते. शस्त्रक्रिया साडेअकरालाच करावी लागली होती. बाळ काढले. रक्त थांबेना, द्यायला रक्त नाही, म्हणून गर्भाशय काढून टाकले. डॉक्टर इब्राहिमला सांगत होते तेव्हा मी शेजारी होतो. म्हणाले, "रक्त हाताशी असते तर थोडी वाट बघता आली असती. कदाचित वाचवता आले असते. पण तुमची मुलगी वाचली, हे मोठे." पुढचे दोन दिवस मात्र सिताराची खात्री देता येत नाही म्हणाले.

ती सव्वीस वर्षांची आहे.

इब्राहिमने मला मिठी मारली. त्याचे ओठ रोज्याने वाळले होते. म्हणाला, "सगे भाऊ घरी बसले, भोये, आणि तू सणाच्या दिवशी साठ किलोमीटर धावलास. हे मी मरेपर्यंत नाही विसरणार."

माझ्या पाठीवर त्याचा तो तीन बोटांचा हात होता. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला समजले मी काय केले आहे. स्विचच्या जागी थांबा.

मी काही बोललो नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

सितारा शुद्धीवर. मुलीचे नाव कौसर ठेवणार म्हणतात.

दिवा लावायला काडी ओढली आणि विझवली. तसबिरीकडे बघवत नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

ईद झाली. इब्राहिमच्या घरून शीरखुर्मा आला. वत्सलाने वाटी पुढे ठेवली. मी म्हणालो, पोट बिघडले आहे. तिने वाटी उचलली नाही. समोर बसून राहिली. म्हणाली, "अहो, तुम्ही सहा दिवस काही खात नाही आणि काही सांगत नाही. मी विचारायचे थांबवू का?" मी म्हणालो, नंतर सांगतो.

पेठकडचा आमचा पाडा दरीच्या दोन अंगांना आहे. बाबा पलीकडच्या नागलीच्या शेतावर असायचे. आई मला अलीकडच्या कड्यावर पाठवायची, भाकर आणतोय म्हणून हाळी द्यायला. मी पाच-सहा वर्षांचा. हाळी द्यायचो आणि पळत सुटायचो. एकदा आईने कान धरला. म्हणाली, "तुझा आवाज गेला हे तुला ठावं. त्याला मिळाला का हे कोणाला ठावं? तिकडून हाळी येत नाय तवर पाय उचलायचा नाय." मग मी उभा राहायचो. कधी वारा उलटा असायचा तर खूप वेळ. कंटाळून रडायचो. पण उभा राहायचो.

हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होते.

७ नोव्हेंबर, सोमवार

किशोर गावाहून आला. त्याला सगळे सांगितले. तो खुर्ची जवळ ओढून हळू बोलला.

"काका, नेटवर्क जाम होते की नव्हते?"

"होते."

"मग नेटवर्कचा दोष. हे खोटे नाही. थांब्याचे कोणाला कळणार नाही. कोड तुम्ही आणि मी सोडून कोण वाचतो?"

"देव वाचतो," असे तोंडात आले, पण ते बोलायचा मला काय अधिकार?

दुपारी कळले की तृप्तीताईला रक्तपेढीने लेखी विचारले आहे, स्क्रीनवर विसंबून जवळजवळ दोन तास फोन का केले नाहीत. तिने मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाली, "काका, तुम्ही म्हणालात येतील, म्हणून मी थांबले." रागाने नाही. नुसते सांगितले.

९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी रक्तपेढीला पत्र दिले. चूक माझी, प्रोग्रामची, तृप्तीताईंची नाही. किशोरला आधी दाखवले. त्याने वाचले आणि खाली स्वतःचीही सही केली. हे मला अपेक्षित नव्हते.

मग अंबडला गेलो. इब्राहिम लेथवर होता. मला बघून यंत्र बंद केले, स्टूल पुसले.

"बस. सितारा आज चालली थोडी. कौसर तर तिच्या नानीसारखी भांडखोर आहे, ऐकशील तर."

मी उभाच राहिलो. म्हणालो, "इब्राहिम, मेसेज गेले नव्हते."

"माहीत आहे. नेटवर्क."

"नेटवर्क हळू होते. पण प्रोग्रामने वाट बघायला हवी होती. पोच येईपर्यंत. मला ते लिहिता आले नाही. मी तिथे तीस सेकंदांचा ड्वेल टाकला."

दुसऱ्या कोणाला हे समजवायला तास लागला असता. त्याला एक शब्द पुरला. त्याची नजर स्वतःच्या हाताकडे गेली.

"स्विचच्या जागी?"

"हो."

"भोये," तो म्हणाला, "तू तिथे होतास. रुमाल तुझा होता."

मी वाट बघितली. शिवी देईल, मारील, निदान जा म्हणेल. त्याने जॉब चकमध्ये लावला, हाताने हलवून बघितला, पुन्हा हलवून बघितला, आणि यंत्र सुरू केले. त्या आवाजात मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. तो वळला नाही.

घरी येऊन वत्सलाला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि गार झालेल्या भाताला फोडणी दिली.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

रक्तपेढीने काम काढून घेतले नाही. म्हणाले, दुरुस्त करा, आणि दोन आठवडे सगळे फोन हातानेच होतील. तृप्तीताईवरचे पत्र मागे घेतले.

किशोर रोज संध्याकाळी तासभर माझ्या शेजारी बसतो. इंग्रजी पान तो वाचतो, मी मराठीत वहीत लिहितो, मग कोड. माझी चूक सापडली. ज्या धाग्याने पोच घ्यायची त्यालाच मी उभे करत होतो. मग त्याला उठवणार कोण? ज्याला झोपवले त्यालाच हाक मारायला सांगितले होते.

आता पहिला धागा एकाच ओळीवर उभा राहतो. दुसरा धागा पोच मोजतो. शेवटची आली की पहिल्याच्या खांद्याला हात लावतो. दोन मिनिटांत एखादी पोच आली नाही तर संगणक घंटा वाजवतो आणि तो नंबर लाल होतो, म्हणजे माणसाने फोन उचलावा. पण घंटा वाजली तरी धागा हलत नाही. स्क्रीनवर "पाठवले" हा शब्दच आता नाही. फक्त "पोच".

इब्राहिमकडून काही नाही. मीही गेलो नाही. आणखी एक हाळी देऊन त्याला उत्तर द्यायला लावणे बरोबर नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवा लावला. काही मागितले नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

आज रक्तपेढीत नव्या प्रोग्रामची चाचणी. तृप्तीताईने यादी उघडली तर नावे बारा.

"नियम आहे काका. या गटाचे कोणीही सापडले की यादीत घ्यायचे. तब्येत सावरली की वर्षभराने देता येते. पण विचारून." तिने माझ्याकडे बघितले नाही. "म्हणून चाचणीच्या मेसेजमध्येच लिहू, नाव ठेवायचे असेल तर उत्तर द्या. या वेळी उत्तर हीच पोच धरा."

बारावे नाव सिताराचे, पुढे नंबर इब्राहिमचा.

सकाळी अकराला कळ दाबली. मीनाताईंचे उत्तर पहिल्या मिनिटात, "नक्की". दोन मिनिटांनी घंटा वाजली. तृप्तीताईने फोन लावायला आणि मिळालेले उत्तर पोच म्हणून नोंदवायला घेतले. गेणूने मेसेज न करता फोनच केला, "हाय हाय, जित्ता हाय! दाढी करून येऊ का तसाच?" दुपारी तीनपर्यंत अकरा झाले. बारावा लाल होता.

तृप्तीताईने फोनला हात घातला. मी म्हणालो, "तो नको. तो आपण लावायचा नाही."

किशोर चारला आला. स्क्रीन बघून म्हणाला, "काका, चाचणी झाली. अकरा पुरे. बंद करू?"

"नको."

"किती वेळ ठेवणार?"

"या ओळीला वेळ लिहिलेला नाही, सर."

तो निघून गेला नाही. खुर्ची ओढून बसला. तृप्तीताईने तिघांना चहा आणला. बाहेर शाळा सुटली, रिक्षा वाजत गेल्या. आत सगळे जागच्या जागी थांबले होते, धागा आणि आम्हीही. मला कड्यावरचा उलटा वारा आठवत होता.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मोडेमचा दिवा लुकलुकला. इब्राहिमचा नंबर. इंग्रजी अक्षरांत मराठी, तृप्तीताईने मोठ्याने वाचले.

"मिळाला. नाव राहू द्या. सितारा."

एवढेच होते. मी दोनदा वाचले, त्यात दुसरे काही लिहिलेले नव्हते, आणि मी शोधलेही नाही. लाल नाव काळे झाले. खाली आकडा आला, पोच बारा.

मग स्क्रीनवरची खिडकी आपली आपण बंद झाली.